उजवा खांदा

कंपनीची बस पहाटे शहराच्या एका टोकाच्या आवडी उपनगरातून निघे आणि दुसरं टोक गाठत सिरुसेरीला, ऑफिसला पोचे. खिडक्यांना डोकी टेकून सारे झोपत. विद्यालक्ष्मी मांडीवर वही घेऊन कादंबरी लिही. हादऱ्यांनी अक्षरं वाकडी होत, वाक्यं मात्र सरळ उतरत. त्या वेळेवर कुणाचीच मालकी नव्हती.

घरात शिरताना मात्र ती कपाळ दाबी. "बसनं जीव जातो," म्हणे. हे खोटं तिनं जपून वाढवलं होतं. बसमध्ये तिला सुख आहे हे कळलं असतं, तर सासूबाईंनी तंजावरच्या साऱ्या नातलगांची फोनवरची विचारपूस त्याच वेळात तिच्या गळ्यात घातली असती. दुःखाला कुणी काम सांगत नाही.

"लिहितेस का काही?" नवरा, रघुराम, कधी विचारी.

"वेळ कुठाय? सगळा बसमध्येच जातो."

त्यानं ते मनावर घेतलं. आवडीच्या कारखान्यातली त्याची कचेरी त्यांच्या राहत्या क्वार्टरपासून चालत जाण्याइतकी जवळ होती. तरी त्यानं क्वार्टर सोडलं, सिरुसेरीत तिच्या ऑफिससमोरच घर भाड्यानं घेतलं आणि बाल्कनीत टेबल मांडलं. "आवडीची बस आता माझी. तू लिही."

या प्रेमाला नाही म्हणण्याजोगा शब्द तिला सापडला नाही.

टेबलावर आधी इडलीच्या पिठाचं भांडं आलं, मग लेकीचा, रम्याचा, भूगोल. "ऑफिस समोर आहे की, फिल्टर कापी करून जा," सासूबाई म्हणत. "घर समोर आहे ना, मग थांबा थोडं," मॅनेजर म्हणे. कादंबरीतली बाई शेवटच्या प्रकरणाच्या उंबऱ्यावर तशीच उभी राहिली, एक पाय उचललेला.

एका रविवारी विद्यालक्ष्मीनं वही पर्समध्ये टाकली. "शहरात, एग्मोरला जाऊन येते. बसनं."

"बसनं? तुला सोसत नाही ते." रघुराम चपला घालू लागला. "मी येतो सोबत."

"तुम्ही आठवडाभराचे दमलेले. झोपा की घरी."

"बसमध्ये झोपेन. सवय झालीय आता."

खिडकी त्यानं तिलाच दिली. बस निघाली, ओळखीचा हादरा मणक्यातून चढला, आणि इतक्या दिवसांनी ते वाक्य आलं, उंबऱ्यावरच्या बाईला पुढं नेणारं. ती पेन टेकवणार तोच रघुरामचं डोकं तिच्या उजव्या खांद्यावर कलंडलं. तोंड किंचित उघडं, डोळ्यांखाली आवडीच्या रस्त्याची काजळी. हात हलवला तर तो जागा झाला असता, आणि जागा होताच त्यानं विचारलं असतं, त्रास होतोय का.

वाक्य दोन-तीन थांब्यांपर्यंत तिच्याबरोबर राहिलं. मग त्याचा शेवट विरला, मग सुरुवात. वहीवर फक्त ऊन सरकत होतं.

कंडक्टरनं एग्मोर पुकारलं तेव्हा रघुराम दचकून उठला. "बघ, माणूस किती शिणतो यात. परतताना रिक्षा करू. तुला पुन्हा बसमध्ये बसू देणार नाही मी."

सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला.