ढोलासमोर कार्मिन

"वडे तळायला बोलावलंस की नाचायला?" कार्मिननं विचारलं.

"दोन्ही नको असेल तर घरी जा आणि भिंतीकडे बघत बस," मी म्हटलं.

मी अशीच बोलते. शेजारीण आहे मी तिची. तिचा पोरगा युनिएल माझ्या अंगाखांद्यावर खेळला. गेल्या वर्षी आमच्या लोईसा गावात, भर गल्लीत गोळ्या चालल्या आणि पोरगं हकनाक गेलं. तेव्हापासून ही बाई रडली नव्हती. मयतीला नाही, नंतरही नाही. झोप उडाली, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. मला तिची नुसती काळजी नाही, भीती वाटायची.

माझ्या अंगणात बॉम्बा, आमचा ढोलावरचा नाच, रंगात आला होता. मोठ्या ढोलावर ब्राउलियो होता, युनिएलचा जिवलग दोस्त. त्या दिवशी तो त्याच्यासोबतच होता आणि गोळ्या सुटताच पळाला होता. कोण नाही पळणार? पण तेव्हापासून कार्मिन दिसली की हा रस्ता बदलायचा.

कार्मिन उठली ती थेट ढोलासमोर जाऊन उभी राहिली. ब्राउलियोनं मान खाली घातली.

"वर बघ," ती म्हणाली.

"काकू, दुसऱ्या कुणाला बसवतो. मला नाही जमणार."

"तूच वाजवायचंस. बघ इकडे."

बघावंच लागतं. आमच्यात नाचणारी ढोलामागे जात नाही, ढोल तिच्यामागे जातो. ती करेल ते वाजवायचं. नजर हटली की चुकलंच. बिचाऱ्यानं मान वर केली.

तिनं घागरा झटकला. धाड. पाय आपटला. धाड. मग ती सुटलीच. वर्षभराचं साचलेलं त्याच्यासमोर आपटत होती आणि तो घामाघूम होऊन एकेक झटका उचलत होता. तिचा उजवा हात डोक्यावर गेलेला मी पाहिला. तिला कळलंही नसेल.

मध्येच ती थांबली. ढोलही थांबला.

"जाताना माझं नाव घेतलं का रे त्यानं?"

"माहीत नाही, काकू. मी पळालो होतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बरं केलंस. तू तरी राहिलास."

आणि ती रडायला लागली. मी कढई सोडून धावणार होते, पण दोघांकडे बघून थांबले. ब्राउलियोच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नजर मात्र तिच्यावरच होती. तिचे खांदे हलत होते, तसतसा तो बोटांच्या टोकांनी ढोल वाजवत होता.