खळ्यावरची जागा

ओब्दुलियाने मागितलं आणि मिळालं नाही, असं फारसं झालं नव्हतं, कारण नाही म्हणणाऱ्याला ती दमवून सोडायची. बिल्बाओच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिने वर्षानुवर्षं भल्याभल्यांना सरळ केलं होतं. आता ती सेगोव्हिया प्रांतातल्या आपल्या गावी परतली होती आणि घर बांधायला तिला गावाच्या कडेचं जुनं खळं हवं होतं. मळणी यंत्रावर गेल्यापासून ते रिकामंच होतं, आणि पंचायतीने आता तिथे बांधकामाला परवानगी दिली होती. जागेचे वारस तिघं. माद्रिदचे दोघे भाऊ फोनवरच हो म्हणाले. राहिली त्यांची थोरली बहीण फुएन्सिस्ला, अख्ख्या गावाची सिस्ला मावशी. तिच्या सहीशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती.

"मावशीचं माझ्यावर सोडा," ओब्दुलियाने नोटरीला सांगितलं.

उन्हं कलली की सिस्ला मावशी आणि शेजारणी खुर्च्या घेऊन खळ्यावर येत. उफणणीसाठी जुन्या लोकांनी वारा हेरूनच ती जागा निवडली होती, आणि तो वारा अजून फुकट मिळत होता. ओब्दुलिया रोज घराचा नकाशा घेऊन तिथे जायची आणि उभ्या उभ्या सगळं समजावून सांगायची. मावशी शांतपणे ऐकायची आणि शेजारणीला विचारायची, "तुझ्या टोमॅटोंना कीड लागली म्हणे?"

ओब्दुलियाने भाव वाढवला. मावशी टोमॅटोंवरून मिरच्यांवर गेली.

शेवटी हेरोनिमा नावाच्या शेजारणीलाच राहवेना. "अगं, तू उभी का असतेस? इथे उभा असतो तो वाटसरू. त्याच्याशी कोण जमिनीचं बोलेल?"

ओब्दुलिया ओशाळली. तिची आईसुद्धा इथेच बसायची; इथली ही रीत तिला कुणी सांगायला नको होती. दुसऱ्या संध्याकाळी तिने नकाशा घरी ठेवला, खुर्ची आणली आणि मुकाट्याने बसली. बऱ्याच वेळाने मावशीनेच विषय काढला.

"तू घर बांधलंस की आम्ही बसायचं कुठे? तुझ्या कुंपणावर?"

"कुंपण घालणारच नाही. घर मागे, पुढचं सगळं मोकळं."

"सगळे असंच म्हणतात. मग कुत्रा आणतात."

"मावशी, बिल्बाओत मी पाचव्या मजल्यावर राहत होते. एकदा तापाने आठवडाभर पडून होते, शेजारच्या दाराला पत्ता नव्हता. तुम्ही इथे बसणार नसाल तर मला ही जागा नकोच."

ती हे ठासून बोलली, तिला सगळंच ठासून बोलायची सवय होती. पण ते शंभर टक्के खरं आहे, हे तिला बोलल्यावर कळलं.

मावशीने हातातला पंखा मिटला. "दार कुठे काढलंयस?"

"पश्चिमेला."

"डोकं ठिकाणावर आहे का? थंडीतल्या वाऱ्यात ते लागायचं नाही. बाजूला घे."

"आणि चूल भिंतीपासून लांब ठेव," हेरोनिमा म्हणाली.

मग सगळ्याच सरसावल्या. एकीने जिना हलवला, दुसरीने कोठी वाढवली. स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणाला चमचा हलवू न देणारी ओब्दुलिया निमूट ऐकत राहिली.

"सोमवारी सही करते," मावशी उठताना म्हणाली. "फक्त स्वयंपाकघराची खिडकी खळ्याकडे काढ. तुझ्याकडे दिवा लागला नाही तर इथून कळायला हवं."

"काढते," ओब्दुलिया म्हणाली, आणि पुढचं काही तिला ठासून बोलता येईना.