नसलेल्या ट्रकचा महिना

आमच्या यांना ट्रक घ्यायचा होता. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं काचा घासणारा माणूस, झुरळ मारायचं तर आधी त्याला बाहेर जायची संधी देणारा, आणि म्हणे ट्रक. फार मोठा नाही, सहा चाकी, जुना. दुकानाच्या मालकाचा मेहुणा विकत होता. नोकरी सोडायची नाही, ड्रायव्हर ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ लक्ष घालायचं. जोडधंदा.

"दुकानात येणारे सगळे सांगतात, माल हलवायला गाडीच मिळत नाही," हे म्हणाले.

"दुकानात येणाऱ्यांना नीट दिसत नसतं, म्हणूनच येतात ते," मी म्हटलं.

मी अशीच बोलते. पोटात काही नसतं, पण जीभ थांबत नाही. या बाबतीत मात्र पोटातही भीती होती. मी रंगाच्या कारखान्यात गेटवर बसते. ट्रक आत येतो माझ्या खिडकीसमोरून आणि बाहेर जातो माझ्या सहीने. सोळा वर्षांत उर्मट मालक पाहिले, बेरकी पाहिले, रडके पाहिले. मऊ मालक टिकलेला एकही पाहिला नाही. आणि हे इतके मऊ की भाजीवाली "ताजी आहे" म्हणाली की तिचे आभार मानून शिळी भाजी घरी आणतात. वर एक खोली बांधायला साठवलेलं सगळं त्या ट्रकात जाणार आणि चार लोक या माणसाला गंडवून जाणार. पैसे गेल्याचं मी पचवलं असतं. यांचं उतरलेलं तोंड मला बघवत नाही.

सरळ नाही म्हणून टाकावं, तर तेही होईना. जेवताना ट्रकचा विषय निघाला की यांचा हात ताटावर वाळून जायचा. पन्नाशीचा माणूस, पण डोळे असे चमकायचे की मला गप्प बसावं लागे. मी गप्प बसणं म्हणजे किती कठीण, ते घरातल्यांना विचारा.

शेवटी मीच तोडगा काढला. "महिनाभर ट्रक चालवून दाखवा."

"कुठला ट्रक?"

"नसलेला. मी मनाचं काही घालणार नाही. त्या दिवशी गेटवर ज्याच्या ट्रकचं जे होईल, ते तुमच्या ट्रकचं झालं. मी दुकानात फोन करणार, तुम्ही मालक म्हणून निर्णय द्यायचा. महिन्याने ठरवू."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." पण कान टवकारलेले होते.

पहिल्याच दिवशी गेटवर एका ट्रकचा ड्रायव्हर आला नाही. मी यांना फोन लावला आणि आवाज जाड केला. "शेठ, आज जमणार नाही. बायको आजारी आहे." ज्याने हे कारण दिलं त्याची बायको वर्षातून चाळीस वेळा आजारी पडते, हे अख्ख्या गेटला ठाऊक. यांनी विचारलं, "डॉक्टरकडे नेलं का?"

"शेठ, माल पडून आहे."

"माल कुठे पळून जातोय? तुम्ही आधी त्यांच्याकडे बघा." आणि फोन ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर मला विचारतात, आता बरं वाटतंय का तिला?

तिसऱ्या दिवशी माल भिजला. मी व्यापारी होऊन तोंडाला येईल ते बोलले. हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मलाही राग आला असता," आणि अर्धं भाडं सोडून मोकळे. सहाव्या दिवशी ड्रायव्हरने वाटेत तीन प्रवासी बसवून त्यांचे पैसे खिशात घातले. यावर यांचा निर्णय: "उन्हात उभे असतील बिचारे." मी कपाळाला हात लावला.

दहाव्या दिवशी सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, आमचा ट्रक बाहेरगावी गेलाय. ती कपाट हलवायचंय म्हणून विचारायला आली, तर यांनी तिला पुढच्या आठवड्यातला वार देऊन टाकला.

माझं मात्र निराळंच सुरू झालं होतं. यांच्या निर्णयाचा मला राग यायचा आणि राग आला की मला तोड सुचायची. एक ड्रायव्हर आला नाही तर दुसरा कोण, ते आधीच हेरून ठेवायचं. एका ताडपत्रीवर माल पाठवायचा नाही, वरून दुसरी हवीच. परतीचं भाडं पक्कं झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, रिकामा ट्रक परत आणणं म्हणजे डिझेल ओतून देणं. जेवताना मी यांचा निर्णय मोडायची आणि माझा द्यायची. गेटवर ड्रायव्हरांना थांबवून विचारायची, कुठून आलास, परत रिकामा जाणार का, टायर कुठल्या कंपनीचे टिकतात. त्यांचे नंबर रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. कशाला, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, यांना पेचात पकडायला. स्वतःलाही तेच सांगत होते.

पंचविसाव्या दिवशी कारखान्यात खरीच पंचाईत झाली. रंगाचे चारशे डबे चारच्या आत निघायलाच हवे होते आणि ठरलेला ट्रक वाटेत बंद पडला. माल पाठवण्याचं खातं सांभाळणारे साहेब येऊन माझ्या खिडकीवर हात आपटायला लागले, जसा काही ट्रक मीच लपवला होता. मी मागचं पान उघडलं. सकाळी माल उतरवून त्याच रस्त्याने रिकामा परत जाणारा एकजण होता. फोन केला, भाडं ठरवलं, ताडपत्र्या किती आहेत ते विचारलं. दहा मिनिटांचं काम. पावणेचारला डबे गेटबाहेर. साहेब म्हणाले, "चला, नशीब."

घरी येऊन मी हे सगळं उभ्याउभ्या सांगितलं, पर्स खांद्यावर तशीच. यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कपाटातून ट्रकच्या कर्जाचा बँकेचा अर्ज काढला.

"महिना संपायची वाट बघणार होतो," हे म्हणाले. "पण माझा निकाल लागलाय. मला हे जमणार नाही."

तोंड मात्र उतरलेलं नव्हतं. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. मालकाच्या रकान्यात माझं नाव होतं, यांच्या मोत्यासारख्या अक्षरात.

"हे काय?"

"ट्रक मला हवा होता, अजूनही हवाय. पण पंचवीस दिवस तो मी नाही चालवला. तू चालवलास."

"मी गेटवर बसणारी बाई आहे."

"हो, तीच."

मग मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून बसले. आज ते साहेब बसतात ती जागा नऊ वर्षांपूर्वी रिकामी झाली होती. मी अर्ज लिहिला, आठवडाभर पर्समध्ये फिरवला आणि फाडून टाकला. मग हे साहेब बाहेरून आले आणि त्यांना काम मीच शिकवलं. भल्याभल्यांना तोंडाने गार करणारी मी, पण मला भीती वाटते. चारचौघांत काही करायला जाऊन आपटण्याची भीती वाटते. यांची काळजी म्हणून जो खेळ मांडला, त्यात निम्मी भीती माझी स्वतःची होती.

बोलता बोलता मी रडले. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

यांनी समजूत काढली नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "मग हाही फाडायचा का?"

"बुडालं तर?"

"खोली होणार नाही. आहे त्या घरात मावतोय की आपण."

"लोक हसतील."

"हसू देत. तू चिडशील, मी चहा करीन. पण नऊ वर्षं तू हे एकटीने पोटात ठेवलंस आणि मी रोज तुझ्या शेजारी बसून जेवत होतो. ते मला पुन्हा नकोय."

एवढं एका दमात हे कधी बोलले होते, मला आठवत नाही.

"जास्त बोलू नका," मी म्हटलं. "पेन द्या."