मोजमापाचा पाय

तान्ह्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनवायचा कारखाना दोघा भावंडांचा होता. दादा विक्री बघायचा, धाकटी सर्किट बघायची. तापमापकाच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपला एक खास पाय असतो. त्यावरचं व्होल्टेज प्रमाण मानूनच चिप बाकी सगळं मोजते. धाकटी आजारी असताना दादाने तो पाय परस्पर वीजपुरवठ्याला जोडून घेतला. तेवढाच स्थिर व्होल्टेज देणारा एक सुटा भाग वाचला.

कामावर परतल्यावर तिने एक पेटी चालू केली. हीटर लागला, पुरवठ्याचं व्होल्टेज उतरलं आणि पडद्यावरचा आकडा टुणकन दोन अंश वर गेला. आत ठेवलेला काचेचा तापमापक मात्र जागचा हलला नव्हता. खोट्या आकड्याला भुलून हीटर बंद पडला. पेटी हवी तेवढी तापलीच नाही.

"दोन अंशांनी काय आभाळ कोसळतंय?" दादा म्हणाला.

"फूटपट्टी आखडली तर कापड वाढलं म्हणायचं का?"

"पेट्या उद्या गिऱ्हाइकाकडे जाणार. धाकटी आहेस, धाकटीसारखी राहा."

तिने कटर उचलला आणि एकेका बोर्डावर त्या पायाकडे जाणारी तांब्याची रेघ कापत सुटली. दादाने हात धरला. तिने तो झटकला.

"आता पाठव!" ती म्हणाली.

ते गिऱ्हाईक गेलं. दादाने अबोला धरला. तिने प्रत्येक बोर्डावर त्या पायाला स्थिर व्होल्टेज देणारा वेगळा भाग जोडला, आणि दादाशी आपणहून बोलायला काही गेली नाही.