रविवारचे टायर

"सायकल कुठंय?" वंदनाने भाजीची पिशवी ओट्यावर टाकली आणि बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं.

भागवत खुर्चीत पाय वर घेऊन मोबाइल बघत बसला होता. "सर्विशिंगला गेली."

"कुणी नेली?"

"गिरिधर सर सोता आल्ते, हरिओमला घिऊन. उद्याच्या कार्यक्रमाला समद्याच्या सायकली चकाचक करून राह्यलेत. तू बाजारात गेल्ती, मंग मीच म्हणलं, न्या."

"मला एक फोन करायचा."

"सायकल हाय, म्हैस न्हाई. आत्ता नेली, सकाळी भेटंल."

आता बघा, याच भागवतच्या मोटारसायकलला कुणी हात लावायचा म्हटला तर हा दहा प्रश्न विचारणार. कुठं चाललास, कधी येणार, पेट्रोल कोण टाकणार. सख्ख्या भावाला विचारतो. आणि बायकोची सायकल मात्र कुणीही यावं, घेऊन जावं. वंदनाच्या डोक्यात सणक गेली, पण स्वयंपाक व्हायचा होता. ती आत गेली आणि तिने कणीक जरा जास्तच जोरात मळली.

वंदना एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, ठरल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि किती उगवलं, किती कुजलं ते बघायचं. ऑफिस नवीन जालन्यात, पण प्रयोगशाळा गावाबाहेर, अंबड रोड सोडून आत गेल्यावर. त्या आतल्या रस्त्याला रस्ता म्हणायचं ते म्हणायला दुसरा शब्द नाही म्हणून. दोन्हीकडे बाभळी, मधे खडी. एसटी फाट्यावरच सोडते, आत येत नाही आणि रिक्षावाला भरल्याशिवाय हलत नाही. कितीतरी वर्षं भागवतच तिला मोटारसायकलवरून सोडायचा आणि आणायचा. आणायचा म्हणजे, त्याचा चहा झाला, मित्रांशी गप्पा झाल्या, की यायचा. तोवर ही कंपनीच्या फाटकाशी पर्स छातीशी धरून उभी. वॉचमनसुद्धा विचारायचा, "साहेब विसरले काय, मॅडम?" काय उत्तर देणार त्याला.

मग तृप्तीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, पुण्याहून आपली सायकल पाठवून दिली. खाली वळलेल्या हँडलची, हलकी, वाऱ्यासारखी पळणारी. तृप्तीला तिथं मेट्रो सोयीची पडायला लागली होती. वंदना शाळेत असताना सायकल चालवायची. पहिल्या आठवड्यात अंग दुखलं, दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्या वेळेला घरातून निघाली आणि स्वतःच्या वेळेला घरी आली. एवढंच. पण हे एवढंच मिळायला तिची पन्नाशी जवळ आली होती.

अडचण एकच, टायर. सायकलीला पुण्याच्या रस्त्याचे पातळ टायर होते आणि बाभळीचा काटा काही पुण्याचा रस्ता बघून टोचत नाही. किती वेळा ती सायकल हाताने ढकलत घरी आली. हरिओम सायकलवाला म्हणायचा, "ताई, ही रेसर हाय. हिला बारीकच टायर शोभतेत." शोभतेत म्हणे. तिला शोभेचं काय करायचं होतं? तिने तृप्तीला व्हिडिओ कॉलवर ब्रेकखालची फट दाखवली, पट्टी लावून मोजली. आधी बत्तीसचे आणले, म्हणजे बत्तीस मिलिमीटर रुंदीचे, तर मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. ते परत केले. मग अठ्ठावीसचे मागवले, आत काटा अडवणारा कडक पट्टा असलेले, कडेला तपकिरी. ऑफिसला जाताना हवा जरा कमी, रविवारी गावाबाहेर फिरायला जाताना चांगली टणक. एकाच टायरमध्ये तिचे सोमवार ते रविवार बसले. त्या दिवशी तिला इतकं बरं वाटलं की तिने घरी शिरा केला. कशाबद्दल म्हणून भागवतने विचारलं नाही, दोनदा वाढून घेतला.

रविवारी फिरायला गिरिधर सरांचा ग्रुप होता. गिरिधर सर दातांचे डॉक्टर. ग्रुपमध्ये डॉक्टर, वकील, मोंढ्यातले दोन व्यापारी आणि बाई म्हणाल तर एकटी वंदना. सगळ्यांचे टायर तेवीसचे, सुतळीसारखे. चढ आला की वंदना मागे पडायची. मागे पडायची आणि मागून यायची, तिला त्याचं काही नव्हतं. त्यांनाच होतं.

रविवारी सकाळी ती मंगल कार्यालयाच्या आवारात पोहोचली तर समोर तिचाच फोटो. भला मोठा फ्लेक्स. 'महिला दिनानिमित्त आमच्या रणरागिणीचा भव्य सत्कार.' तिला कुणी विचारलं होतं? फोटो भागवतने दिलेला, भाच्याच्या लग्नातला, नथ घातलेला. ती काही बोलायच्या आत एकाने तिच्या डोक्याला फेटा गुंडाळायला घेतला. फेटा बांधून होईपर्यंत माणसाला मान हलवता येत नाही, त्यामुळे तिला खुर्चीवर बसूनच राहावं लागलं. पहिल्या रांगेत भागवत इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइल उभा धरून शूटिंग करत होता.

शाल झाली, श्रीफळ झालं. गिरिधर सरांनी माइक घेतला.

"वंदनावहिनी आपल्या परिवारातल्या एकमेव महिला रायडर. पण जड टायरमुळे बिचाऱ्या नेहमी मागं राहतात. आम्ही विचार केला, पुष्पगुच्छ सुकून जातो. काहीतरी उपयोगाचं देऊ."

दोघांनी रिबन बांधलेली सायकल आणली. टायर नवे कोरे होते, पातळ, कडेला लाल रेघ. टाळ्या पडल्या. वंदनाने वाकून अंगठ्याने टायर दाबला. तेवीसचे.

"आणि भागवतरावांनी एक गोड बातमी दिली आहे," सर पुढे म्हणाले. "वहिनी आता नव्या स्कूटीवर ड्यूटीला जाणार. सायकल यापुढे फक्त रविवारची. कष्टाची सायकल संपली, आनंदाची सुरू."

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात भागवतच्या रांगेतून.

कष्टाची म्हणे. सकाळी तुरीच्या रानामधून जाताना ती मोठ्याने गाणी म्हणायची, ते यांना काय माहीत? दिवसातला तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नव्हतं. घरातलं सगळ्यांचं सगळं करून झाल्यावर उरलेली ती एक गोष्ट तिची होती, आणि तिचा तिच्यामागे निकाल लावून वर तिलाच हार घालत होते. शाल अंगावर असताना वंदनाचे कान तापले. रडू येईल असं तिला वाटलं आणि त्याचाही राग आला.

"वहिनी, दोन शब्द बोला," सरांनी माइक पुढे केला.

वंदनाने माइक घेतला. "माझे टायर कुठं आहेत?"

लोक हसले. "अहो, हे काय समोर," सर म्हणाले.

"हे नाही. माझे."

"जुने होय? ते गेले. आता नव्याचा आनंद घ्या."

तिने हरिओमकडे बघितलं. तो सायकलींच्या रांगेपाशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, रांगेतल्या एका सायकलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वंदना स्टेजवरून उतरली. सरांची सायकल होती ती. टायर कडेला तपकिरी. मागच्या टायरवर गुलाबी डाग. बियाण्याला लावतात तो औषधाचा रंग, प्रयोगशाळेच्या मागे सांडलेला असताना ती त्यावरून गेली होती, आणि रॉकेलने घासूनही तो डाग निघाला नव्हता.

"सर, हे माझे आहेत."

सर जरा गोंधळले. "म्हणजे, टाकून देण्यासारखे नव्हते ना वहिनी. माझ्या कमरेचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. हाडांच्या डॉक्टरांनी जाड टायर वापरायला सांगितलंय." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि तुम्हाला आता लागणार नव्हते."

"लागणार नव्हते हे कुणी सांगितलं?"

सरांनी भागवतकडे बघितलं. भागवत मोबाइल खिशात घालत पुढे आला. "चल, घरी बोलू."

"घरी तुम्ही बोललाच नाहीत. इथं बोललात."

"अगं, लोक काय म्हणतेत मला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "भागवतची बायको डबा बांधून सायकलवर कामाला जाती. आमच्या ऑफिसचे साहेब इचारतेत, घरी गाडी न्हाई का म्हणून. तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यली."

"आणि रविवारी जाते तेव्हा?"

"तव्हा डॉक्टर लोक असतेत सोबत. त्येची गोष्ट येगळी हाय."

घ्या. म्हणजे सायकल तीच, बाई तीच, घाम तोच. रविवारी डॉक्टरांमागून गेली तर रणरागिणी, सोमवारी डबा घेऊन गेली तर नवऱ्याची अब्रू चालली. इतके दिवस ती समजत होती की सायकलने कामाला जाऊ नको म्हणतो ते याला रस्त्यावरच्या ट्रकची भीती वाटते म्हणून. भीती वाटत असती तरी एक वेळ ठीक होतं. वंदनाला त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

तिने डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्या हातात दिला. वर शाल ठेवली, शालीवर नारळ. मग खाली फरशीवर बसली.

"सर, चाकं सोडते तुमची."

"वहिनी, राइड होऊ द्या. आल्यावर देतो ना. शब्द देतो."

"आत्ता."

माइक कुणीतरी बंद केला. सरांना वाटलं भागवत काही बोलेल, भागवतला वाटलं सर बोलतील. दोघंही उभे राहिले. वंदनाने आपल्या सायकलीच्या सीटखालच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, हवा सोडली आणि पहिला टायर उचकटायला सुरुवात केली. हरिओम शेजारी येऊन उकिडवा बसला.

"ताई, मला वाटलं तुमाला इचारलं आसंल."

"तुझ्याकडे माझा नंबर नव्हता?"

होता. त्याने मागच्या चाकाकडे हात नेला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. मी करते." मागचं चाक तिने याआधी एकदाच सोडलेलं, त्यामुळे साखळी बसवताना वेळ गेला, हात काळे झाले, साडीला ग्रीस लागलं. कार्यक्रम आहे म्हणून भागवतने सकाळी साडीच नेसायला लावली होती. कुणाला उशीर होत होता, कुणाला ऊन चढत होतं. एकेक जण सायकलवर टांग टाकून निघून गेला. एक वकील जाता जाता म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं." वंदनाने वर बघितलं नाही. त्याची सायकल त्याच्या बायकोने कुणाला देऊन टाकली असती, तर त्याने कोर्टात नेलं असतं.

गिरिधर सरांना जाता येईना, त्यांची चाकं उघडी पडली होती. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर कमरेला हात लावून बसले. वंदनाने स्वतःच्या सायकलीला अठ्ठावीसचे बसवले, हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिलं. लाल रेघेचे टायर गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवले.

"हे परिवाराचे. परिवारालाच राहू द्या."

भागवत नारळ आणि शाल घेऊन उभाच होता. ती सायकलवर बसून घरी गेली, तो मागून मोटारसायकलवर आला. दुपारी ज्याने त्याने आपापलं ताट वाढून घेतलं.

स्कूटी संध्याकाळी आली. झेंडूचा हार घातलेली, चाकाखाली लिंबू ठेवून पुजलेली. भागवतने ती बोळात लावली, बरोबर सायकलीच्या पुढे. बोळ तेवढाच होता, पुढची गाडी हलल्याशिवाय मागची निघत नाही. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

सोमवारी सकाळी वंदनाने पोळ्या केल्या, दोघांचे डबे भरले, आपला डबा सायकलीच्या मागे बांधला आणि हेल्मेट घातलं.

"स्कूटी बाजूला घ्या."

भागवत दात घासत बाहेर आला. "चावी लावलेलीच हाय. चालवून तर बघ एकदा."

"बाजूला घ्या."

"वंदना, एवढा खर्चा केला म्या."

ती सायकलीच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिली. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. तिला कामावर वेळेत जायचं होतं आणि ती वेळेत जाणार होती. शेवटी तो आला, स्टँड काढलं आणि स्कूटी ओढत पुढे अंगणात नेली. हार बोळाच्या भिंतीला घासून तुटला. तिने सायकल बाहेर काढली.

ती फाटकातून निघाली की भागवत "जपून जा" म्हणायचा. माहेरी जाताना, दवाखान्यात जाताना, भांडण झालेलं असताना सुद्धा, तोंड दुसरीकडे करून का होईना, म्हणायचा. लग्न झाल्यापासूनची सवय.

वंदना फाटकाशी थांबली. हेल्मेटचा पट्टा घट्ट होता, तरी तिने तो सोडून परत लावला. डब्याची दोरी ओढून पाहिली. मागे स्कूटीचं स्टँड लावल्याचा आवाज आला, मग घराचं दार लोटल्याचा.

ती थोडा वेळ आणखी थांबली, आणि निघाली.