फाटकासमोरचा रस्ता

सोमवारी सकाळी निकाळजे मामा कॉलेजच्या फाटकासमोरच्या डांबरी रस्त्यात घोट्यापर्यंत बुडाले. रस्ता कोरडा होता, कडक होता आणि दोनच महिन्यांपूर्वी केलेला होता. मामा कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. रस्ता ओलांडताना ते मध्येच थांबले आणि मग त्यांना पाऊल उचलता येईना. दुपारपर्यंत पोटऱ्याही आत गेल्या. दुखत नाही, असं ते म्हणाले.

त्यांच्यापाशी आधी गेली ती प्रमिला वळवी. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, राज्यशास्त्र घेऊन. गाव लांब डोंगरात, म्हणून वसतिगृहात राहायची. तिला लागणारी पुस्तकं मामा न सांगता बाजूला काढून ठेवायचे. तिने वर्गातल्या दोघांना बोलावलं. तिघांनी मामांच्या काखेत हात घालून जोर लावला. मामांच्या सदऱ्याची शिवण उसवली, बाकी काही झालं नाही.

"राहू दे पोरी," मामा म्हणाले. "नवा रस्ता आहे, उगाच खराब होईल."

प्रमिलाला याचाच राग आला. ती तडक नगरपालिकेत गेली. बांधकाम खात्याच्या टेबलावर गोरडे नावाचे कारकून होते. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठपर्यंत गेलेत?"

"पोटरीपर्यंत."

"पोटरीपर्यंत म्हणजे अडथळा धरतात. जीवाचा धोका छातीपासून. छातीपर्यंत आले की या."

"तोवर थांबायचं?"

"तोवर वाहतूक बाजूने वळवू. तेवढं आमच्याकडून होईल."

आणि खरंच संध्याकाळी पालिकेची दोन माणसं आली. त्यांनी मामांभोवती विटा मांडल्या, त्यांना चुना लावला. बस, रिक्षा, सायकली मामांना वळसा घालून जाऊ लागल्या. बुधवारपर्यंत लोकांना त्या वळशाची सवय झाली.

त्याच आठवड्यात राज्यशास्त्राच्या कुलथे सरांनी निबंध मागितला होता: शासनाने नेमकं काय करावं? प्रमिलाने दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. शासनाने माणसाचा हात जन्मापासून धरावा, हे तिला पटलं होतं. शासनाने हद्द राखावी, रस्ते करावेत आणि बाकी माणसांवर सोडावं, हेही तिला पटलं होतं. निष्कर्षाची जागा कोरी होती. ती रोज डबा घेऊन मामांजवळ विटांच्या आत बसायची आणि कागदाकडे बघत राहायची. मामा आता कमरेपर्यंत आत होते, त्यामुळे दोघांची तोंडं समोरासमोर यायची.

गुरुवारी कुलथे सर येऊन मामांभोवती एक फेरी मारून गेले.

"तुझ्या निबंधाला चांगलं उदाहरण मिळालं," ते म्हणाले.

"सर, आधी यांना काढायला हवं."

"कोणी काढायचं? तोच तर प्रश्न आहे. आणि रस्ता फोडला तर दवाखान्यात जाणारी गाडी अडणार. तिच्यातल्या माणसाचा जीव कमी मोलाचा का?"

सर गेल्यावर पाच मिनिटांनी प्रमिलाला उत्तर सुचलं: ती गाडी विटांना वळसा घालून जाते तशीच खड्ड्याला घालून जाईल. पण तोवर सर वर्गात पोचले होते.

शुक्रवारी मामा छातीपर्यंत गेले आणि ती पुन्हा पालिकेत गेली. पालिकेचं छत खाली आलं होतं. तिला वाकून आत जावं लागलं. गोरडे खुर्चीत मान तिरकी करून लिहीत होते.

"छातीपर्यंत आले," ती म्हणाली.

"श्वास चालू आहे ना?"

"आहे."

"मग धोका धरता येत नाही. नियम कालच बदलला. आता हनुवटीपासून."

"साहेब, तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

"मी बघितलं तर मला कळवावं लागेल," गोरडे म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. "आणि कळवायचं कोणाला, ते अजून ठरलेलं नाही."

शनिवारी सकाळी मामा हनुवटीपर्यंत गेले. प्रमिला पालिकेत रांगत शिरली. छत टेबलाला टेकलं होतं. गोरडे टेबलाखाली पोटावर झोपून शिक्के मारत होते.

"आज शनिवार, अर्धा दिवस," ते म्हणाले. "सोमवारी या."

ती उलटी रांगत बाहेर आली. तिचे गुडघे सोलवटले होते. समोरच्या लोहाराकडून तिने एक पहार मागून घेतली आणि ती ओढत फाटकापाशी आणली. वर्गातले दोघे तिथेच उभे होते.

"परवानगी आहे का?" एकाने विचारलं.

"नाही."

"मग आम्ही नाही हात लावणार. रस्ता सरकारी आहे."

"आणि मामा?"

तो विटांपासून एक पाऊल मागे सरकला.

तिने पहिला घाव घातला. डांबराचा पोपडा निघाला. मामांनी डोळे मिटले.

"साठी आली माझी," ते म्हणाले. "एवढं कशाला करतेस?"

"गप्प बसा मामा," ती म्हणाली. आजवर ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती.

दुपार कलेपर्यंत ती खणत होती. लोक विटांभोवती उभे राहिले, पण आत कोणी आलं नाही. छाती मोकळी झाली, कंबर मोकळी झाली. मामांचे हात सुटले तसे तेही ओंजळीने माती बाहेर टाकू लागले. मांड्या निघाल्या, गुडघे निघाले, पोटऱ्या निघाल्या. शेवटी ती खड्ड्यात उतरली आणि मामांच्या टाचांखाली चाचपून पाहिलं. तिथे दगड नव्हता. मामांचे दोन्ही पाय कोणाच्या तरी खांद्यांवर होते.

दोन पायांच्या मधे केस होते, तेल लावून नीट भांग पाडलेले.

"मामा, खाली माणूस आहे."

"मला वाटलंच," मामा म्हणाले. "मऊ लागत होतं."

खालून, मातीतून, बाईचा आवाज आला.

"कोण आहे वर? जरा सांभाळून."

प्रमिलाने पहार वर फेकून दिली, गुडघ्यांवर बसली आणि त्या भांगाच्या दोन्ही बाजूंची खडी बोटांनी उपसू लागली.