मुकादमांनी डोळा झाकलेला टॅब

मित्रांनो, माझी काच तडकली आहे आणि कडांना सिमेंट चिकटून बसले आहे. म्हणजे मी बांधकामावरचा जुना टॅब आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल.

कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी तयार झाले. मला दुकानातून ताईने आणले. वडिलांच्या मागे घरे बांधण्याचा छोटा व्यवसाय तीच सांभाळत होती आणि तिचे सख्खे मामा तिचे मुकादम होते.

"मामा, नवे नकाशे यात येतील. आणि रोज संध्याकाळी कामाचे फोटो पाठवत जा."

"का? माझ्या शब्दावर भागत नाही का आता?"

"तसं नाही हो!" ताई हसली. पण मग कसे, ते तिने सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी दिसलो की गवंड्यांच्या गप्पा थांबत. "भिंतींना नुसते कान असतात, याला डोळेही आहेत," असे ते कुजबुजत. मला फार वाईट वाटे. मी कुणाचे काय वाकडे केले होते?

पण मामांनी पाठवलेल्या एका फोटोत, नव्या भिंतीच्या कडेला झोपलेला लांब्या गवंडीही आला. ताईने तो पाहिला आणि काही न विचारता त्याला कामावरून काढले. मामा संतापले. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि मला अवजारांच्या पेटीत टाकले.

तिथे माझी बॅटरी संपली. त्याच सुमारास ताईने नवा नकाशा पाठवला. त्यात न्हाणीघराचे दार सरकवले होते. तो कुणी पाहिलाच नाही. जुन्या कागदावरून भिंत उभी राहिली.

ताई आली ती भडकलीच. "टॅब उघडून बघायला काय झालं होतं?"

"उघडला असता, तर आणखी कुणाच्या पोटावर पाय आला असता?" मामा म्हणाले. "लांब्याला ताप होता, पोरी. मीच म्हटलं होतं, पड जरा."

ताईचा चेहरा उतरला. तिने तिथूनच लांब्याला फोन लावून माफी मागितली.

"राहू द्या ताई. मी दुसरीकडे लागलोय," तो म्हणाला. "इथं आधी विचारतात."

भिंत पाडावी लागली. विटांच्या ढिगाजवळ ताईने मला मामांच्या हाती दिले. "कोणता फोटो पाठवायचा, ते तुम्हीच ठरवा. माणसाबद्दल काही असेल, तर तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही."

"बघू," एवढेच मामा म्हणाले.

पुढे ते नकाशा बोटांनी मोठा करायला शिकले. दाराची मापे माझ्यावर पडताळू लागले, पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवू लागले. तरी घरचे काही बोलायचे असले, की आजही मला बाहेर ठेवतात. मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, आमची काच पुसा, आम्हाला वेळेवर चार्ज करा. पण कुणाच्या हाती यंत्र देताना, त्यातून कोण बघते आहे, हेही त्याला सांगा. संशय घेणारा अडाणीच असतो, असे समजू नका. लांब्या झोपला होता, हे मला दिसले. त्याचे अंग तापले होते, हे मला दिसले नाही.